भूमिगत दुर्ग

आपल्या आनंदनगरावरून पुढे जाणारा रस्ता रायसेनच्या डोंगरी किल्ल्याकडे नेतो. गिरिदुर्ग, जलदुर्ग आणि भुईकोट हे दुर्गांचे प्रकार आपणांस परिचित आहेत. त्यांचे बळ बहुतांशी तटबुरुजांत असे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोफांचे गोळे इतके विध्वंसक झाले, की उंच तट हेच शत्रूचे सोपे लक्ष्य ठरू लागले. तेव्हा दुर्ग जमिनीखाली गेला.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जर्मनीच्या सीमेवर फ्रान्सने १९३० च्या सुमारास बांधावयास घेतलेली माजिनो तटबंदी. तिच्या मोठ्या दुर्गांतील भुयारांत बराकी, वीजघरे, दवाखाने, इतकेच नव्हे तर लहान आगगाड्याही होत्या. मे १९४० मध्ये मात्र जर्मन सैन्य आर्देनच्या अरण्यातून, तिच्या मुख्य भागास वळसा घालून फ्रान्समध्ये शिरले. आज तिच्यातील काही दुर्ग संग्रहालये झाले आहेत.

अशी एक वास्तू आपल्या देशातही आहे. मुंबईस मलबार हिलच्या टोकावर, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या राज्यपाल-निवासाच्या आवारात, ऑगस्ट २०१६ मध्ये ब्रिटिशकालीन भुयार सापडले. अनेक दशके ते बंद होते. आत तेरा खोल्या निघाल्या. 'शेल स्टोअर', 'कार्ट्रिज स्टोअर', 'वर्कशॉप' ही त्यांची नावेच त्यांचे प्रयोजन सांगतात : येथे तोफांचा दारूगोळा ठेवीत. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय झाले आणि जून २०२२ मध्ये क्रांतिकारकांचे दालन उघडले. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, मादाम कामा यांच्या स्मृती आता तेथे नांदतात. ज्या सत्तेचा दारूगोळा तेथे होता, त्याच सत्तेशी हे सारे झगडले होते.

त्या दालनात १९४६ च्या नाविकांच्या उठावाचेही स्मरण केले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील 'तलवार' या नाविक तळावर, ब्रिटिशांच्याच नौदलातील हिंदी नाविकांनी बंडाचा झेंडा उभारला. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठी तोफा सज्ज होत्या. परंतु सत्तेला हादरा बसला तो तिच्याच गणवेशातील माणसांकडून.

दोन्ही दुर्गांची शिकवण एकच आहे. तट बांधणारा एका दिशेला पाहत असतो आणि संकट बहुधा दुसऱ्या दिशेने येते. भिंत कितीही जाड असली, तरी आतील माणसे दुरावल्यास राज्य टिकत नाही. मुंबईस जाल तेव्हा हे भुयार अवश्य पाहा, आणि प्रत्येक खोलीच्या दाराशी स्वतःस विचारा : ही भिंत कोणाच्या भयाने बांधली, आणि कोणाकडे पाहावयाचे राहून गेले?