रक्तदात्याचे अठ्ठावीस दिवस

विरार स्थानकाहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोळिंज लागते. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. तेथील कितीतरी माणसे रोज लोकलगाडीने मुंबईस कामाला जातात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या महासाथीमुळे टाळेबंदी झाली. सामान्य प्रवाशांसाठी लोकलगाड्या बंद झाल्या. महाविद्यालयांना व कचेऱ्यांना कुलपे लागली. रक्तदानाची अनेक शिबिरे अशाच ठिकाणी भरत असत. ती थांबताच महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांत रक्ताची टंचाई भासू लागली.

रक्ताची गरज मात्र थांबली नाही. थॅलॅसेमिया हा आनुवंशिक विकार ज्यांना आहे, त्यांच्यापैकी पुष्कळ मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. बरे, धान्याप्रमाणे रक्त कोठारात साठवावे, तर तेही शक्य नाही. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका तर अवघे ५ दिवस!

मग येईल त्याचे रक्त घ्यावे काय? तसे करता येत नाही. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे आणि वजन निदान ४५ किलो असावे लागते. या अटींत महासाथीने भर घातली. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाने, तसेच रुग्णाच्या निकट सहवासात आलेल्यानेही, २८ दिवस थांबावे, असे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२० मध्ये सांगितले.

वास्तविक हा रोग श्वासावाटे पसरतो; दिलेल्या रक्तातून तो कोणास जडल्याचे आढळलेले नाही. परंतु रोग नवा होता, म्हणून सावधगिरी आवश्यक होती. शिवाय बाधित दाता शिबिरात आला, तर त्याच्यापासून परिचारिकेला आणि शेजारच्या दात्याला लागण होण्याचे भय होतेच. आजारातून उठलेल्या शरीरालाही बळ भरून येण्यास अवधी हवा असतो.

पुढे लस आली आणि नवाच पेच उभा राहिला. शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस रक्तदान करू नये, असा आदेश मार्च २०२१ मध्ये निघाला. आता समजा, बोळिंजच्या एका तरुणाने २८ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा घेतल्या. पहिल्या मात्रेपासून त्याचे किती दिवस गेले? तब्बल ५६! त्यातच १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली होणार होती. तरुणांनी आधी रक्त द्यावे, मग लस घ्यावी, अशी आवाहने झाली. त्या वेळी भारतात दिल्या जाणाऱ्या मुख्य लशींत शरीरात वाढू शकेल असा विषाणू नव्हता. मे २०२१ मध्ये परिषदेने प्रत्येक मात्रेनंतरची मुदत १४ दिवसांवर आणली.

मुदत संपली की थांबविलेला दाता पुन्हा येऊ शकतो. रक्त घेण्यापूर्वी त्याच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतात. घेतलेल्या रक्ताची एड्स, कावीळ, हिवताप इत्यादी रोगांसाठी तपासणी होते. पण गेल्या आठवड्यात घरात कोण तापाने आजारी होते, हे मात्र दात्यालाच सांगावे लागते.