काळ्या डांबराची करामत

मुलांनो, आई वांगी चिरते तेव्हा फोडी लगेच पाण्यात का टाकते? त्या उघड्या राहिल्या, तर काळ्या पडतात. फोडींतील काही पदार्थांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. हीच क्रिया कारखान्यात मुद्दाम घडवून हायड्रोक्विनोन नावाचा पांढरा पदार्थ तयार करतात. त्याची हकीकत ऐका.

जर्मनीतील गटिंगेन शहरात फ्रीडरिख व्होलर नावाचे रसायनशास्त्रज्ञ राहत. हिवतापाचे औषध सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळते. त्याच सालीतील एका आम्लापासून क्विनोन हा पिवळा पदार्थ बनतो. १८४४ साली व्होलर यांनी क्विनोनपासून हायड्रोक्विनोन बनवले व त्याला हे नाव दिले.

पण साल महाग. ती दूरदेशाहून येई. मग स्वस्त माल कोठून आणायचा?

त्या काळी दिव्यांसाठी दगडी कोळशापासून गॅस काढत. मागे काळे, दुर्गंधी डांबर उरे. १८३४ साली रुंगे या जर्मन शास्त्रज्ञांना त्या डांबरात अ‍ॅनिलीन सापडले. पुढे कारखान्यांत अ‍ॅनिलीनमध्ये गंधकाम्ल व मँगनीज डायऑक्साइड मिसळू लागले. अ‍ॅनिलीनचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन तयार होई. त्यावर लोखंडाच्या चुऱ्याची क्रिया केली, की हायड्रोक्विनोन मिळे.

याचा उपयोग काय? आजीआजोबांचे जुने काळे-पांढरे फोटो पाहा. फिल्मवर चांदीचे क्षार असत. जेथे उजेड पडला असेल, तेथील क्षारांपासून हायड्रोक्विनोन काळी चांदी मोकळी करी. मग अंधारखोलीत हळूहळू चित्र उमटे!

मात्र या रीतीत एक मोठा दोष होता. हायड्रोक्विनोनबरोबर मँगनीजचे क्षार आणि लोखंडाचा गाळही ढिगाने निघे. असा गाळ नदीनाल्यांत गेला, तर पाणी बिघडते.

१९४४ साली हाइनरिख हॉक या जर्मन शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्याने नवी वाट दाखवली. त्यांनी क्युमीन नावाच्या द्रवाचे ऑक्सिडीकरण साध्या हवेतील प्राणवायूने केले. मग आम्लाच्या मदतीने त्यापासून फिनॉल मिळवले. याच धर्तीवर पुढे हायड्रोक्विनोनही बनू लागले. सोबत अ‍ॅसिटोन मिळते. तेही कामाला येते, म्हणून टाकाऊ गाळ फार कमी होतो.

मुलांनो, टाकाऊ डांबरातून उपयोगी वस्तू काढणे ही हुशारी खरीच. पण ती काढताना नवा कचरा होऊ न देणे, ही त्याहून मोठी हुशारी!

स्वाध्याय
१. चिरलेल्या वांग्याच्या फोडी काळ्या का पडतात?
२. अ‍ॅनिलीन कशात सापडले?
३. जुन्या रीतीपेक्षा नवी रीत चांगली का?