युद्धकाळातील संगीत-सुखात्मिका : ‘द स्कायज् द लिमिट’

ओळख लपवणे ही सुखात्मिकेची जुनी युक्ती आपल्या परिचयाची आहे. वेषांतर, त्यातून गैरसमज आणि अखेरीस उलगडा, असा तिचा क्रम असतो. प्रत्यक्ष युद्ध चालू असताना हीच युक्ती वापरली तर तिचे स्वरूप कसे बदलते, हे पाहण्यासाठी आपण १९४३ सालचा ‘द स्कायज् द लिमिट’ हा अमेरिकन चित्रपट घेऊ. दिग्दर्शन एडवर्ड एच. ग्रिफिथ यांचे, संगीत हॅरल्ड आर्लेन यांचे आणि गीते जॉनी मर्सर यांची आहेत.

कथानक अगदी हलकेफुलके आहे. चीनमध्ये जपानी विमानांशी लढून मायदेशी आलेला वैमानिक फ्रेड (फ्रेड अस्टेअर) सत्कारांच्या दौऱ्याला कंटाळून आगगाडीतून निसटतो. न्यूयॉर्कमध्ये तो जोन (जोन लेस्ली) या छायाचित्रकार तरुणीच्या प्रेमात पडतो. मात्र आपण कोण हे तिला सांगत नाही.

येथे थोडे थांबावे. सुखात्मिकेचा नायक बहुधा दारिद्र्य लपवतो, नाही तर श्रीमंती. हा नायक शौर्य लपवतो, आणि तेही प्रत्येक धडधाकट पुरुषाने युद्धकार्याला लागावे अशी अपेक्षा असलेल्या काळात. साहजिकच जोनला तो रिकामटेकडा वाटतो आणि ती त्याला काम मिळवून देण्याच्या मागे लागते. तिच्या या खटपटीचे आपल्याला हसू येते. पण त्याची रजा संपत आली आहे हे आपण जाणतो, ती जाणत नाही. विनोद आणि हुरहूर, दोन्ही तिच्या या एकाच अज्ञानातून निर्माण होतात.

‘माय शायनिंग अवर’ या गीताची योजनाही अशीच अर्थपूर्ण आहे. प्रथम जोन ते वाद्यवृंदासह चारचौघांत गाते, तेव्हा ते केवळ एक मधुर गीत असते. पुढे त्याच सुरावटीवर दोघे नृत्य करतात आणि ते त्यांचे खाजगी होते. शेवटी निरोपाच्या प्रसंगी ते पुन्हा ऐकू येते, तेव्हा त्याला प्रार्थनेचा अर्थ आलेला असतो. सूर तोच, प्रसंग मात्र वेगळा.

रॉबर्ट बेंचली यांचे विनोदी भाषण, आमच्या मते, फार लांबले आहे. कथा तेथे खोळंबते. याउलट ‘वन फॉर माय बेबी’ या गीतानंतरचे मद्यगृहातील नृत्य विसरता येत नाही. एरवी डौलदार, सफाईदार नाचणारा अस्टेअर येथे एकटाच काउंटरवर चढतो, पेले लाथाडतो, आरसा फोडतो. युद्धाविषयी तो एक शब्दही बोलत नाही. लपवलेली गोष्ट संवादातून नव्हे, तर त्याच्या पावलांतून बाहेर येते. विमानतळावर जोनला सत्य कळते खरे, पण तोवर निघण्याची वेळ झालेली असते. उलगडा होतो, प्रेमाची कबुलीही मिळते. विवाह मात्र होत नाही. विमान आकाशात जाते आणि ती खाली उभी राहते.

स्वाध्याय : नायक-नायिकेचे मीलन लांबणीवर टाकणाऱ्या या कृतीला ‘सुखात्मिका’ म्हणता येईल काय? आपले मत सकारण लिहा.