गाडी चालू का होत नाही?

आपल्या हैदराबादेतील चौमहल्ला राजवाड्यात निजामांची एक पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे. तुमच्यापैकी काहींनी ती सहलीच्या वेळी पाहिली असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या अखेरच्या काळातील, म्हणजे 1911 च्या सुमाराची ही गाडी. एवढी वैभवशाली गाडी. पण ती चालू करावयाची तर नोकराने पुढे वाकून लोखंडी दांडा फिरवावा लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की दांडा फिरविणाऱ्याचे मनगट मोडे. असे अपघात त्या काळी जगभर इतके घडत की, मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगास डॉक्टरांनी ‘शोफरचा अस्थिभंग’ असेच नाव देऊन टाकले. योगायोग असा की, त्याच 1911 साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा ‘सेल्फ’ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविण्यात आला. तेव्हापासून मनगटे वाचली. मात्र गाडीचा पहिला श्वास बॅटरी, तारा आणि त्यांचे सांधे यांच्या स्वाधीन झाला.

मी कलाशाखेची पदवीधर. वर्गात मी तुम्हांला मराठी शिकविते, तेव्हा मोटारीविषयी मी लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. परंतु आमच्या घरच्या जुन्या मारुती 800 ने मला जो धडा दिला तो माझ्या विषयाबाहेरचा असला तरी सांगण्याजोगा आहे.

माझ्या आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागे. बाबा तिला सकाळी बरकतपुऱ्याहून पोहोचवून घरी परतत आणि चार तासांनी पुन्हा आणावयास जात. डायलिसिस झालेला माणूस किती गळून जातो हे ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगावयास नको. नेमकी अशा वेळी, आजीला आधार देऊन गाडीत बसवावे, बाबांनी किल्ली फिरवावी आणि गाडीने ‘टक्’ असा एकच आवाज करून गप्प बसावे, असे घडू लागले. दहा-पंधरा मिनिटे थांबले की गाडी मुकाट्याने चालू होई. कधी आठवडाभर काहीच होत नसे. आमची आजी कारवारची, घरात बोलणे कोंकणीतच. ती थकल्या आवाजात म्हणे, “हांव परततना गाडी रुसता.” म्हणजे, मी परत निघाले की गाडी रुसते. आम्ही हसत असू. त्या साऱ्या प्रकरणातले पहिले अचूक निरीक्षण तिचेच होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

येथे गोष्ट थोडी थांबवून मूळ विषयाकडे वळू. ‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्य ‘मुलाला बरे नाही’ या वाक्याइतकेच मोघम आहे. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे येथे आधी कान द्यावयाचे असतात. किल्ली फिरवताच सेल्फ नेहमीच्या वेगाने इंजिन फिरवीत असेल, तरीही इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही, यांपैकी काहीतरी असावे. सेल्फ कण्हत कण्हत, मंद फिरत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा वाटेत कोठे तरी प्रवाह अडतो आहे. ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज येऊन दिवे मंदावत असतील तर बॅटरीवर संशय घ्यावा. परंतु एकच ‘टक्’ होऊन दिवे जसेच्या तसे लख्ख राहत असतील, तर बॅटरीत जोर आहे आणि तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. क्वचित सेल्फच आतून बिघडलेला असतो. हा शेवटचा प्रकार आमचा होता. दिवे लख्ख जळत होते. आम्ही ते पाहत होतो आणि तरीही पाहत नव्हतो.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, “बैट्री अच्छीच है मॅडम, अर्थिंग देखना पडता.” त्यांनी बॅटरीच्या धन टोकास आणि इंजिनाच्या लोखंडास तपासणीचा छोटा दिवा लावून पाहिला. दिवा झक्क पेटला. तेव्हा मीच शहाणपणाने म्हटले, “पाहा, दिवा पेटतो आहे, म्हणजे अर्थिंग ठीक आहे. बॅटरीच बदला.” घाई आमची, पैसे आमचे, त्यांनी बदलली. साडेतीन हजार रुपये गेले. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार. मग सेल्फ काढून दुरुस्त करून घेतला. त्यानंतर अकरा दिवस गाडी उत्तम चालली आणि बाराव्या दिवशी आजी गाडीत असतानाच रुसली. त्या दिवशी मी मिस्त्रींना दूरध्वनीवरून जे बोलले ते येथे लिहावेसे वाटत नाही. ‘तुम्ही आम्हांला फसविले’ असा त्याचा अर्थ होता.

गाडीने तो छोटा दिवा पेटविला आणि सेल्फ मात्र फिरविला नाही, हे कसे? याचे उत्तर तुमच्याच विज्ञानाच्या पुस्तकात आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने 1827 साली मांडलेला नियम तुम्ही पाठ केलेला आहे : प्रवाहाला रोधाने गुणिले की त्या रोधावर खर्ची पडणारा दाब मिळतो. तपासणीचा 5 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर अर्धा अँपियरदेखील ओढीत नाही. सेल्फ मात्र इंजिन फिरविताना शंभर-दीडशे अँपियर ओढतो. आता समजा, परतीच्या तारेच्या सांध्यात गंज चढून अवघा 0.02 ओहम रोध निर्माण झाला आहे. दिव्याच्या प्रवाहाला तेथे एक शतांश व्होल्टही गमवावा लागत नाही. दिव्याला तो सांधा निर्दोष भासतो. दीडशे अँपियरला मात्र तेथे 3 व्होल्ट द्यावे लागतात. बारातून तीन गेले, बॅटरीचा स्वतःचा दाब ओझ्याखाली उतरला तो निराळा. सेल्फच्या हाती आठ-नऊच उरतात. शिवाय 3 गुणिले 150 म्हणजे 450 वॅट उष्णता त्या एवढ्याशा सांध्यात उत्पन्न होते. म्हणून जाणते मिस्त्री सेल्फ मारून झाल्यावर केबलीच्या टोकांना हात लावून पाहतात. गरम लागला तो सांधा चोर. साध्या मल्टिमीटरने त्या तारेचा रोध मोजला तर काटा शून्याजवळच राहील. सांध्याची परीक्षा त्याच्यावर ओझे असतानाच घेतली पाहिजे.

आता दिवे का मंदावत नव्हते तेही पाहा. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जोड गाडीच्या पत्र्याला जातो आणि एक जाड जोड इंजिन व गिअरपेटीला जातो. दिव्यांचा प्रवाह पत्र्यातून परततो, सेल्फचा इंजिनाच्या लोखंडातून. एकाच घरच्या दोन वाटा. त्यांतली एकच बुजली होती.

हे सारे मला समजावून दिले ते आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी. शिक्षककक्षात माझी तक्रार ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाई, गाडी कधी कधी बंद पडते हे तुम्ही सांगितलेत, पण कधी कधी म्हणजे नेमकी कधी?” मला उत्तर देता येईना. त्यांनी मला एक वही करावयास सांगितली. तारीख, वेळ, त्याआधी गाडी किती चालली होती, बंद करून किती मिनिटे उभी होती, ऊन होते की पाऊस, आवाज कोणता आला, दिवे कसे होते, आणि गाडी चालू झाली तर तीही नोंद. या शेवटच्या सूचनेचे महत्त्व मोठे आहे. आपण बिघाडाचे दिवस लक्षात ठेवतो. न बिघडल्याचे दिवस विसरतो, आणि तुलना तर दोहोंची करावयाची असते.

महिनाभरात वहीत 34 नोंदी झाल्या. सकाळी थंड इंजिनावर गाडी एकदाही अडली नव्हती. अडली ती सहा वेळा, आणि सहाही वेळा ती अर्धा तास चालून, मग दहा ते वीस मिनिटे उभी राहिलेली होती. बाबा आजीला आणावयास जात, गाडी बंद करून तिच्या बाहेर येण्याची वाट पाहत, आणि नेमका तेवढाच काळ लोटलेला असे! इंजिन बंद केल्यावर थंड वारा थांबतो, आणि आतली उष्णता आसपासच्या भागांत पसरते. ती मुरली की सैल, गंजलेला सांधा आणखी बिघडतो. आजीचे वाक्य शब्दशः खरे होते.

मग सरांनी प्रयोगशाळेतील मल्टिमीटर आणला. रविवारी गाडी अर्धा तास चालवून आणली, पंधरा मिनिटे उभी केली. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशाला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावली आणि बाबांनी किल्ली फिरविली. खरे तर येथे 0.2 व्होल्टच्या आसपासच आकडा दिसावयास हवा. दिसला 3.2. बॅटरीच्या दोन्ही टोकांमध्ये मात्र त्याच वेळी 11 व्होल्टहून अधिक दाब होता. बिचारी बॅटरी तयारच होती. खात्री म्हणून सरांनी एक जाड जोडकेबल ऋण टोकापासून थेट इंजिनाला लावली. किल्ली फिरविताच गाडी चालू झाली. जोड काढला, पुन्हा ‘टक्’. लावला, चालू. मूळ केबल सोडविली तेव्हा बाहेरून ती धडधाकट दिसत होती. गिअरपेटीकडच्या टोकाशी, रबराच्या आत, तांब्याचे बहुतेक धागे तुटून हिरवे पडले होते. सेल्फ काढताना ती केबल हलली, राहिलेले धागे तात्पुरते चिकटले, आणि अकरा दिवस आम्हांला वाटले की दुरुस्ती लागू पडली. येऊन-जाऊन असणारा बिघाड याच रीतीने फसवितो. नवी केबल दोनशे रुपयांच्या आत मिळाली.

अशा लपंडावी बिघाडांचे धनी बहुधा तीन : उष्णता, ओल आणि हादरा. आमच्या कारवारकडे पावसाळ्यात जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी कोरड्या फडक्याने पुसल्यावाचून त्या चालू होत नसत. ओलीतून ठिणगीचा दाब भलतीकडेच निसटून जाई. हादऱ्याचा संशय असेल तर इंजिन चालू ठेवून तारांचे जुडगे एकेक करून हळूच हलवितात आणि कोठे इंजिन अडखळते ते पाहतात. हे काम मोठ्या माणसाने, पंखा आणि पट्टा यांपासून दूर राहून करावयाचे. तुम्ही पाहावे, नोंद करावी. ओढणी, वेणी आणि बोटे इंजिनापासून लांब ठेवावीत. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, यास्तव तिच्यावर पाना टाकणे किंवा जवळ काडी ओढणे हा खेळ नव्हे.

असा बिघाड केवळ गैरसोयीचा असतो असेही समजू नका. 2014 साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीला किल्लीच्या स्विचमधील दोषामुळे सुमारे 26 लक्ष गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आतील एका बारीक स्प्रिंगचा जोर अपुरा होता. जड जुडगा लोंबत असला किंवा खड्ड्याचा धक्का बसला की किल्ली आपोआप मागे सरके, धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि अपघाताच्या क्षणी हवेच्या उशा फुगत नसत. कंपनीच्याच भरपाई निधीने 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. कंपनीत तो भाग पूर्वीच बदलण्यात आला होता, पण त्याचा क्रमांक बदलला नव्हता. त्यामुळे काही वर्षांच्या गाड्यांतच अपघात का होतात, हे कोडे सुटेना. मार्क हूड या अभियंत्याने एक जुना आणि एक नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला.

आजच्या गाड्यांत संगणक असतो आणि तो बिघाडाचे संकेतांक जपून ठेवितो. सोय उत्तमच, मात्र संकेतांक लक्षण सांगतो, कोणती तार तुटली ते सांगत नाही. दाब कमी पडला एवढे तो लिहील. वही त्यालाही हवी.

केबल बदलल्यावर दोन दिवसांनी मी मिस्त्रींच्या दुकानी गेले. जुनी केबल पिशवीत होती, ती त्यांच्यापुढे ठेवली आणि माझी चूक झाली असे सांगितले. त्यांनी रबर सोलून धागे पाहिले, काही बोलले नाहीत. मग वही मागून घेतली. मराठी त्यांना वाचता येत नाही, आकडे मात्र त्यांनी बोट ठेवून एकेक वाचले, आणि कामावरच्या पोराला हाक मारून म्हणाले, “ऐसी एक कापी ला के रख.” पोराने जाण्यापूर्वी विचारले, कितने पन्नों की?