करंटची मशीन घेऊ का? हाताच्या व्यायामाचा पाठ



मागच्या महिन्यात एका गटात कर्जमागणी आली. कारण लिहिलं होतं, "मालकांच्या हातासाठी करंटची मशीन." त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे, डॉक्टर त्याला एमएनडी म्हणतात. आधी शर्टाचं बटण लागेना, मग विळा हातातून निसटायला लागला. कुणीतरी सांगितलं, करंट दिला की नसा जाग्या होतात. गटाने मला विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टना भेटून समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

हा आजार काय आहे?
विहिरीवरची मोटार चांगली आहे, पण डीपीपासून येणारी वायर जळत चालली, तर मोटार बंद पडते ना? तसंच हे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मग हात बारीक होतो, ताकद जाते. स्पर्श मात्र बहुतेकांना कळत राहतो, दुखलेलंही कळतं. हा आजार लागट नाही. त्यांच्या ताटात जेवलं तरी चालतं.

करंटने बरं होतं का?
करंटने स्नायू तेवढ्यापुरता हलतो, पण जळालेली वायर जोडली जात नाही. करंटने हा आजार थांबतो असा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये तर श्वासाच्या पडद्याला करंट देणाऱ्या यंत्राची ७४ रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ साली निकाल आला, तेव्हा यंत्र बसवलेले रुग्ण कमी जगल्याचं दिसलं. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मशीन विकत घेऊ नका.

दवाखान्यात नसांना बारीक शॉक देऊन तपासतात, ती गोष्ट वेगळी. ती तपासणी जरूर करा. मानेत नस दबली तरी हात बारीक होतो, आणि त्यावर उपचार असतो.

माझी चूक
त्या ताईंना मीच आधी सांगितलं होतं, "रबरी बॉल दाबायला लावा, ताकद येईल." मालक जिद्दीने शंभर-शंभर वेळा दाबायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घासही उचलवत नव्हता. या आजारात दमवणारा व्यायाम नको. हात आखडू नये, दुखू नये, एवढ्यासाठीच व्यायाम.

व्यायाम असा करा
१. कोमट पाण्याने हात धुवा. कोपराखाली उशी ठेवा.
२. एकेक बोट मुळाशी धरून हळू सरळ करा. वीसपर्यंत मोजा, सोडा.
३. अंगठा तळहातापासून बाजूला न्या.
४. मनगट वर-खाली करा.
५. जमेल तेवढं त्यांना स्वतःला करू द्या, उरलेलं तुम्ही करा.

प्रत्येक प्रकार पाच वेळा, दिवसातून एकदा-दोनदा. दुखलं की थांबा, ओढू नका. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला तर निम्मं करा. उठवताना हाताला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. सुरुवातीला एकदा फिजिओथेरपिस्टकडून हे प्रत्यक्ष शिकून घ्या.

चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करा, धरायला सोपं जातं. बोटं वाकत असतील तर रात्री बांधायच्या पट्टीबद्दल दवाखान्यात विचारा.

लगेच डॉक्टरांकडे कधी?
पाणी पिताना ठसका लागतो, आडवं झालं की दम लागतो, सकाळी डोकं जड होतं, वजन उतरतं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. रिल्युझोल नावाची गोळी आजाराचा वेग थोडा कमी करते, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची.

प्रमाणपत्र काढा
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार येतात. कागदपत्रं घेऊन जिल्हा रुग्णालयात विचारा.

त्या ताईंनी मशीनचा अर्ज मागे घेतला आणि दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी छोटं कर्ज घेतलं. आता आठवड्यातून दोन दुपारी गटातली एक बाई त्यांच्या घरी बसते, तेवढा वेळ ताई झोपतात.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. शेजारणीच्या हातावर हा व्यायाम करून बघा. आणि विचारा, आपल्या गटात आजारी माणूस एकटीने सांभाळणारी कोण आहे?

तुमची,
क्षेत्र समन्वयक