शंभर वर्षांपूर्वीचा रूळ आणि आजचं भाडं

प्रश्न : आमच्या लातूरची डाळ देशभर जाते, पण ती बहुतेक ट्रकनेच. गावात रेल्वे येऊन शंभर वर्षं उलटली, तरी व्यापारी तिच्याकडे का वळत नाहीत?

उत्तर : याचं मूळ रुळांच्या रुंदीत आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे सुरू केली. पुढे ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. कॅलथ्रॉपला दोष देणं अन्यायाचं होईल. ब्रॉडगेजचा खर्च त्या मुलखात निघालाच नसता. त्याची ही बार्शी लाइट रेल्वे नसती तर लातूरला कित्येक दशकं रेल्वेच दिसली नसती.

पण तेव्हा वाचलेला पैसा पुढच्या पिढ्यांनी हमालीत फेडला. मुख्य मार्गाच्या साडेपाच फुटी ब्रॉडगेज रुळावरची वाघीण अडीच फुटी रुळावर चालत नाही. त्यामुळे लातूरहून मुंबईला निघालेलं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावं लागे. दुहेरी हमाली, फाटलेली पोती, सांडलेलं धान्य, आणि पलीकडे वाघीण रिकामी नसेल तर फलाटावरचा मुक्काम. गाडी कितीही वेळेवर धावली तरी हा खर्च चुकत नव्हता. ट्रक मात्र आडतीच्या दारात माल भरून थेट गिऱ्हाइकाच्या गोदामात उतरवू लागला. रेल्वे ही स्पर्धा भाड्याच्या दरावर नव्हे, कुर्डुवाडीच्या फलाटावर हरली.

ब्रॉडगेज लातूर–कुर्डुवाडी मार्गावर 2008च्या सुमारास आलं, मिरजेकडचा भाग त्यानंतर झाला. त्याने काय साधलं ते 2016च्या दुष्काळात दिसलं. राजस्थानातल्या कोट्याला धुऊन स्वच्छ केलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला आल्या, तिथे पाणी भरलं आणि सुमारे 340 किलोमीटरवरच्या लातूरला त्याच वाघिणी पोचल्या. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. जुन्या रुळांवर कोट्याची एकही वाघीण मिरजेच्या पुढे सरकली नसती.

मग व्यापारी का परतला नाही? कारण मधल्या काळात सगळी घडी ट्रकभोवती बसली: गोदामं, उधारी, दलाल, वाहतूकदारांशी पिढीजात ओळख. शिवाय मालगाडीची पूर्ण रेक भरायची तर साधारण अडीच हजार टन माल एका वेळी हवा. दहा-वीस टनांच्या सौद्यावर चालणारी डाळमिल तो कुठून आणणार? रूळ बदलले, पण लहान व्यापाऱ्याचा माल एकत्र करून रेक भरणारी सोय लातूरला उभी राहायला हवी. ती झाली तर ट्रकवाल्यालाही भाडं ठरवताना रेल्वेचा दर विचारात घ्यावा लागेल.