घटक ४ : मोठे नाव, छोटी रूपे – लाडनावांचा भाषावैज्ञानिक विचार

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• दीर्घ विशेषनामापासून लाडनाव घडण्याच्या प्रमुख प्रक्रिया सांगता येतील.
• ‘-ऊ’, ‘-ई’, ‘-या’, ‘-आई’ या प्रत्ययांचे मराठीतील कार्य स्पष्ट करता येईल.
• लाडनाव आणि सामाजिक स्थान यांचा संबंध उदाहरणांसह मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

शालेय व्याकरणात विशेषनामाचा विचार एका व्याख्येत आटोपतो. विशिष्ट व्यक्तीचे किंवा वस्तूचे नाव ते विशेषनाम, एवढे सांगून आपण पुढे जातो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र एका व्यक्तीला एकच नाव असते असे क्वचितच घडते. हजेरीपटावर एक नाव असते, आजीच्या तोंडी दुसरे, मैत्रिणींच्या तोंडी तिसरे. नाव लांब असेल तर ही रूपे अधिकच वाढतात.

या रूपांना आपण ‘नावाची मोडतोड’ म्हणतो. हा शब्दप्रयोग भाषावैज्ञानिकदृष्ट्या योग्य नाही, कारण नाव कोठेही मोडत नाही. ते कोठे तोडायचे, तोडल्यावर काय जोडायचे आणि जोडलेले रूप कोणी कोणाला उद्देशून वापरायचे, याचे नियम भाषकाच्या मनात असतात. यांतील शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिले दोन नियम रूपाचे आहेत. तिसरा माणसामाणसांतील नात्याचा आहे.

येथे एक पारिभाषिक भेद लक्षात घ्या. मूळ नावापासून मायेने घडवलेल्या रूपाला आपण ‘लाडनाव’ म्हणू. ‘टोपणनाव’ ही अधिक व्यापक संज्ञा आहे. लेखकाने स्वतः घेतलेले नाव किंवा एखाद्या सवयीवरून इतरांनी पाडलेले नावही तीत येते. या घटकात आपण लाडनावांचाच विचार करणार आहोत.

४.२ एक उदाहरण : ‘राजेश्वरी’

विवेचनासाठी ‘राजेश्वरी’ हे नाव घेऊ. त्यात रा, जे, श्व, री अशी चार अक्षरे आहेत. ‘राज’ आणि ‘ईश्वरी’ या दोन घटकांतील अ + ई यांचा गुणसंधी होऊन ‘ए’ झाला आहे. मराठी घरांत या नावापासून राजू, राजी, राजो, ईश्वरी, ईशू, लाजू, जेजी, राजाक्का अशी अनेक रूपे होऊ शकतात. यांपैकी काही आपल्याला सरळ वाटतात, काही विलक्षण. परंतु प्रत्येकामागे एक निश्चित प्रक्रिया आहे.

(अ) आद्यांश राखणे : सर्वांत प्रचलित रीत म्हणजे पहिला स्वर आणि त्यानंतरचे व्यंजन ठेवून पुढचा भाग गाळणे व त्याला प्रत्यय जोडणे. राज् + ऊ = राजू. याच रीतीने प्राजक्ताची प्राजू, वैशालीची वैशू, अपर्णाची अपू आणि भाग्यश्रीची भाग्यू होते.

येथे उच्चाराकडे लक्ष द्या. ‘राजू’ आणि ‘काजू’ हे शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. ‘काजू’मधील ज दंततालव्य आहे, ‘राजू’मधील ज तालव्य आहे. लेखनात भेद नाही, तरी उच्चारात आपण तो चुकूनही विसरत नाही. मूळ नावातील ध्वनी लाडनावात टिकून राहतो, याचा हा पुरावा होय.

(आ) अंत्यांश राखणे : समासात किंवा संधीने जोडलेल्या नावाचे दुसरे पद घेतले जाते. सुनंदाची नंदा, अन्नपूर्णाची पूर्णा, राजेश्वरीची ईश्वरी. शेवटचे उदाहरण विशेष आहे. ‘राजेश्वरी’ या उच्चारात ‘ई’ने सुरू होणारे पद ऐकू येतच नाही, तेथे ‘ए’ आहे. तरीही घरातील मंडळी ‘एशू’ न म्हणता ‘ईशू’ म्हणतात. संधिनियम कधी न शिकलेली व्यक्तीसुद्धा येथे नकळत संधिविग्रह करते.

(इ) बालोच्चार : मुले ‘र’ हा ध्वनी तुलनेने उशिरा शिकतात आणि तोवर त्याच्या जागी पुष्कळदा ‘ल’ म्हणतात. जोडाक्षरेही त्यांना अवघड जातात. म्हणून धाकटे भावंड ‘राजू’ला ‘लाजू’ म्हणते. एकाच अक्षराची आवृत्ती करून ‘जेजी’ हे रूप होते. मूल मोठे होते, त्याचा उच्चार सुधारतो. पण घरात ते नाव तसेच राहते. विलक्षण वाटणारी अनेक लाडनावे या वाटेने आलेली असतात.

(ई) नात्याची जोड : राजाक्का, राजूताई, राजूमावशी. येथे नाव आखूड होते, पण मान कमी होत नाही, कारण नातेवाचक शब्द तो सांभाळतो.

४.३ पाणिनीचे निरीक्षण

ही प्रक्रिया आजची नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात लाडनावांसाठी स्वतंत्र सूत्रे दिली आहेत. दोनांहून अधिक स्वर असलेल्या माणसाच्या नावाला ‘अनुकंपा’ या अर्थी विशिष्ट प्रत्यय लागतात आणि प्रत्यय लागताना नावातील दुसऱ्या स्वरानंतरचा भाग लोप पावतो, असे ही सूत्रे सांगतात. त्यानुसार ‘देवदत्त’ या नावापासून देविक, देविय, देविल ही रूपे होतात. पुढील व्याकरणपरंपरेत प्रत्ययाशिवायही एखादे पद गळू शकते हे नोंदवले गेले: देवदत्त म्हणजे नुसता दत्त, सत्यभामा म्हणजे नुसती भामा.

‘राजू’ आणि ‘देविल’ यांची तुलना करा. प्रत्यय निराळे आहेत, पण लांब नावाचा आरंभ राखून शेष गाळण्याची आणि त्यावर मायेचा प्रत्यय चढवण्याची रीत सारखीच आहे. ‘भामा’ आणि ‘ईश्वरी’ ही दुसऱ्या रीतीची उदाहरणे होत.

याच सूत्रांच्या शेजारी आणखी एक गोष्ट आढळते. ‘क’ हा प्रत्यय पाणिनीने ‘कुत्सित’ म्हणजे निंद्य या अर्थी सांगितला आहे आणि लगेच पुढे तोच ‘अनुकंपा’ या अर्थीही सांगितला आहे. ‘अश्वक’ म्हणजे वाईट घोडा; ‘पुत्रक’ म्हणजे बिचारा लाडका मुलगा. प्रत्यय एकच, अर्थ दोन. माया आणि अवहेलना यांना भाषा एकाच रूपात कसे बसवते, हे येथे दिसते. या मुद्द्याकडे आपण ४.५ मध्ये परत येऊ.

४.४ दुसऱ्या भाषेतील रीत : ‘एलिझाबेथ’

लाडनाव घडवताना नावाचा कोणता भाग टिकेल, हे त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवरही अवलंबून असते. इंग्रजीतील ‘एलिझाबेथ’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या नावात आघात दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘लि’वर पडतो. त्यामुळे पहिले अक्षर सहज गळते आणि लिझ, लिझी ही रूपे तयार होतात. अंत्यांशापासून बेथ, बेस, बेट्सी ही रूपे येतात. ‘एल्सी’ हे रूप ‘एल्स्पेथ’ या स्कॉटिश रूपातून आलेले आहे. मराठीत शब्दावरील आघात इतका ठळक नसल्यामुळे आपल्याकडे आद्यांश राखण्याकडे कल अधिक दिसतो.

बालोच्चाराचे उदाहरणही येथे मिळते. इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ हिचा जन्म १९२६ चा. लहानपणी तिला स्वतःचे नाव नीट उच्चारता येत नसे. त्यातून झालेले ‘लिलिबेट’ हे नाव कुटुंबात कायम राहिले. २०२१ साली तिच्या पणतीचे अधिकृत नावच ‘लिलिबेट’ ठेवण्यात आले. एका पिढीचे लाडनाव दुसऱ्या पिढीत विशेषनाम झाले.

४.५ माया, मान आणि अवहेलना

आता मराठी प्रत्ययांचा अर्थ पाहू.

‘-ऊ’ हा प्रत्यय जिव्हाळ्याचा आहे आणि तो लिंगनिरपेक्ष आहे. ‘राजू’ या रूपावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. ‘राजू आला’, ‘राजू आली’ या क्रियापदांवरून ते कळते.

‘-ई’चे तसे नाही. मराठीत ‘-ई’ स्त्रीलिंग दाखवते आणि लहानपणाही दाखवते: डबा–डबी, गाडा–गाडी, सुरा–सुरी. म्हणून ‘राजी’ या रूपात ‘लहान’ आणि ‘स्त्री’ हे दोन अर्थ एकत्र येतात. लहान मुलीच्या बाबतीत ते गोड वाटते. परंतु पिकल्या केसांच्या स्त्रीला परक्याने ‘-ई’कारान्त नावाने हाक मारली, तर त्यातला ‘लहान’ हा अर्थ वयाचा उरत नाही, पायरीचा होतो. गावगाड्यात कष्टकरी स्त्रियांना गंगी, भागी, रखमी असे पुकारले जाई, आणि बड्या घरच्या त्याच नावाच्या स्त्रीला गंगाबाई, भागीरथीबाई, रखमाबाई म्हटले जाई. पुरुषांच्या बाबतीत ‘-या’ हा प्रत्यय हेच काम करी: राम्या, गण्या. बालमित्रांमध्ये हीच रूपे आजही निखळ स्नेहाची असतात.

संबोधनात आणखी एक गंमत होते. ‘राजी’चे संबोधन ‘राजे’ होते. ‘अगं राजे, इकडे ये’ आणि ‘या राजे, बसा’ या दोन वाक्यांत शब्द एकच आहे. पहिल्यात तो लाडाचा किंवा रागाचा आहे, दुसऱ्यात आदराचा. अर्थ ‘अगं’ आणि ‘बसा’ यांनी ठरवला.

वारकरी संतांच्या रचनांत या प्रत्ययांची संपूर्ण श्रेणी आढळते. विठ्ठल हा विठोबा होतो, विठू होतो आणि भक्त रुसला की विठ्याही होतो. रुक्मिणीची रखुमाई होते. मुक्ताबाईची मुक्ताई होते. वयाने लहान असलेल्या बहिणीला ‘-आई’ने थोरपण मिळते. जनाबाई स्वतःचा उल्लेख ‘जनी’ असा करतात. हे रूप त्यांनी स्वतः स्वीकारलेले आहे आणि ते ज्याच्यापुढे स्वीकारले त्यालाही त्या ‘विठ्या’ म्हणू शकतात. म्हणून तेथे ‘जनी’मध्ये हीनपणा नाही, जवळीक आहे.

यातून एक कसोटी मिळते. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील ‘तू’ व ‘तुम्ही’ अशा सर्वनामांचा अभ्यास करताना सत्ता आणि सख्य ही दोन तत्त्वे मांडली. दोन्ही बाजूंनी सारखे संबोधन वापरले जात असेल तर तेथे सख्य असते. एक बाजू ‘तू’ म्हणते आणि दुसरीला ‘तुम्ही’च म्हणावे लागते, तेथे सत्ता असते. हीच कसोटी लाडनावांना लावता येते. ‘राजी’ म्हणणाऱ्याला राजेश्वरीही आखूड नावाने हाक मारू शकते का? ते रूप नको असे ती म्हणू शकते का? उत्तर ‘होय’ असेल तर ते लाडनाव आहे. ‘नाही’ असेल तर ते केवळ लाडनावासारखे दिसते. मूल आणि आजी यांच्यासारखी वडीलकीची नाती या कसोटीला काही अंशी अपवाद आहेत. तेथे परस्परता नसली तरी माया असते.

४.६ कागदावर गेलेले लाडनाव

लाडनाव सामान्यतः बोलण्यात राहते. परंतु शाळेत नाव घालताना घरचेच नाव सांगितले गेले, तर ते दाखल्यावर उतरते. बेबी, छबू, बाळू ही नावे अनेकांच्या कागदपत्रांत अशीच आली आहेत. पुढे एका दाखल्यावर ‘राजू’ आणि दुसऱ्यावर ‘राजेश्वरी’ असेल, तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध करावे लागते. अशा वेळी शासकीय राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करण्याची सोय आहे. दस्तऐवजांतील ‘उर्फ’ हा अरबी मूळ असलेला शब्दही याच गरजेतून वापरला जातो. लोकांत जे परिचित आहे ते, असा त्याचा आशय आहे.

घरचे वाटणारे नाव प्रतिष्ठेला आड येतेच असे नाही. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाच्या लेखिका मराठी साहित्यात बेबीताई कांबळे या नावानेच ओळखल्या जातात. ‘बेबी’मधील लहानपण ‘ताई’ने भरून काढले आणि लेखनाने त्या नावाला स्वतःचे वजन दिले.

४.७ सारांश

लाडनाव हा नावाचा अपभ्रंश नसून नियमबद्ध घडण आहे. आद्यांश किंवा अंत्यांश राखणे, बालोच्चार आणि नात्याची जोड या तिच्या प्रमुख रीती होत. पाणिनीने संस्कृतातील अशा घडणीची नोंद केली आणि माया व निंदा यांसाठी एकच प्रत्यय असू शकतो हेही दाखवले. म्हणून लाडनावाचा अर्थ केवळ रूपावरून सांगता येत नाही. कोण, कोणाला, कोणासमोर आणि कोणत्या अधिकाराने ते उच्चारतो, हे पाहावे लागते.

४.८ स्वयंमूल्यमापनासाठी प्रश्न

१. ‘राजेश्वरी’पासून ‘ईशू’ हे रूप होताना कोणती प्रक्रिया घडते?
२. ‘-ऊ’ आणि ‘-ई’ या प्रत्ययांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
३. ‘जनी’ आणि ‘गंगी’ या दोन रूपांचे सामाजिक अर्थ वेगळे का ठरतात?
४. सत्ता आणि सख्य या तत्त्वांच्या आधारे तुमच्या परिसरातील संबोधनांची चर्चा करा.

४.९ उपक्रम

तुमच्या ओळखीतील चार किंवा अधिक अक्षरी नाव असलेल्या एका स्त्रीला भेटा. तिला आजवर कोणकोणत्या रूपांनी हाक मारली गेली, ती रूपे कोणी वापरली आणि ती केव्हा बंद झाली, याची तिच्या संमतीने नोंद करा. प्रत्येक रूपासमोर त्याची घडण लिहा. शेवटी तिला स्वतःला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हे अवश्य विचारा. पुष्कळ स्त्रियांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसतो. नोंदवहीत तिचा उल्लेख करताना तिच्या उत्तरातले नावच वापरा. तिची ओळख उघड होऊ नये असे तिला वाटत असेल, तर तिनेच निवडलेले दुसरे नाव लिहा.